डाव्या मनगटावर तीळ

सव्वाअकराला ती आली तेव्हा मी दाखल्यांवर शिक्के मारत होते, आणि शिक्के मारताना मला कोणी मध्ये बोललेलं चालत नाही. तिने खिडकीतून एक कागद आत सरकवला. वर न बघताच मी म्हणाले, दोननंतर या. ती हलली नाही. मग वैतागून वर पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तिचा गालच पाहिला. डावा गाल डोळ्याच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत भाजलेला, कातडी आक्रसलेली. सगळे करतात तेच मीही केलं. पटकन नजर कागदाकडे वळवली.

कागद भरती कार्यालयाचा होता. उमेदवाराच्या शाळेच्या दाखल्यावरची ओळखखूण उमेदवाराच्या अंगावर आढळत नाही, दुसऱ्याचा दाखला वापरल्याचा संशय आहे, मूळ रजिस्टर आणि नोंद करणारी व्यक्ती यांच्यासह आज सायंकाळी पाचपर्यंत हजर न राहिल्यास निवड रद्द. खाली गोल शिक्का आणि एक लफ्फेदार सही.

मी तिला बाकावर बसवलं. हॉस्पिटलच्या औषधांच्या कोठारात ती नऊ वर्षं कंत्राटावर काम करत होती. कुठली बाटली कुठल्या फळीवर, कुठलं औषध थंडीत ठेवायचं, कुठल्याची मुदत कधी संपते हे तिला तोंडपाठ. आता त्याच कोठारातली कायम जागा निघाली होती आणि परीक्षेत तिचा दुसरा नंबर होता. पुढच्या महिन्यात वयाची अट ओलांडणार, म्हणजे ही शेवटची संधी. सकाळी नऊला कागदपत्रं तपासायला गेली, तर तपासणाऱ्याने दाखला वाचला, तिचं डावं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, तीळ कुठाय? हॉलमधले सगळे वळून बघायला लागले. मग तिच्या गालाकडे बोट करून म्हणाला, एवढी मोठी खूण तोंडावर असताना कोण मनगटावरचा तीळ लिहील, हा दाखला तुमचा नाहीच.

हे सांगताना ती रडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, मी मीच आहे हे आता कुठून आणून दाखवू?"

मी कपाटातून त्या वर्षाचं जनरल रजिस्टर काढलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचं. तिचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. शेवटच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात: डाव्या मनगटावर तीळ. त्याच्या खालच्या ओळीत, दुसऱ्या मुलापुढे: डाव्या मनगटावर तीळ. त्याच्याही खाली तेच. पान उलटलं. तेच. मी रजिस्टर मिटलं आणि ते तिला दिसू नये म्हणून पोटाशी धरलं.

मला धक्का बसला असं सांगितलं तर ते ढोंग होईल. मला हे ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी मी ज्युनियर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं की या शेवटच्या रकान्यात काय भरायचं. हेडकाका म्हणाले, "आपल्याकडे डाव्या मनगटावर तीळ लिहितात." आपल्याकडे चहात साखर कमी घालतात, असं सांगावं इतक्या सहज. मी लिहायला लागले. ते निवृत्त झाल्यावरही सहा वर्षं लिहीतच राहिले. कधी कोणाची तक्रार आली नाही, आणि जिथे तक्रार नाही तिथे कारकून डोकं चालवत नाही.

तो रकाना वरून आलेल्या फॉर्मवर इंग्रजीत छापलेला असे. आयडेंटिफिकेशन मार्क. हा शब्द आमच्या शाळेत कोणाला एका दमात म्हणता आला नाही. शिपाई त्याला 'आयडेंटी' म्हणायचा. एका बापाने विचारलं होतं, अजून पहिलीत जायचाय पोरगा, त्याला मार्क कुठून असणार? हेडकाकांनी मात्र तो शब्द ऑफिसातल्या जाड डिक्शनरीत काढून पाहिला होता आणि अर्थ टाचणाच्या वहीत उतरवून ठेवला होता. आयडेंटिटी म्हणजे तोच तो असणे. काल होता तोच माणूस आज आहे, ही खात्री. मला समजावताना ते म्हणाले होते, "म्हणजे बघ, आपण आपणच आहोत हे दुसऱ्याला पटवून देण्यासाठी अंगावर काहीतरी वेडंवाकडं लागतं. सरळ माणसाची पंचाईतच."

हेडकाका म्हणजे आमचे जुने हेडक्लार्क. पोरांनी हेडचं आणि काकांचं लग्न लावून दिलं, ते चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्यासारखा कागदाला जपणारा माणूस मी पाहिला नाही. रजिस्टरांना कापडाची कव्हरं ते स्वतः शिवायचे. खाडाखोड झाली तर लाल शाईने सही करून खाली कारण लिहायचे. जन्मतारखेच्या बाबतीत तर अगदी कट्टर. गावातल्या एका बड्या असामीला पोराचं वय दोन वर्षांनी कमी करून हवं होतं. तो गाडी घेऊन आला, गोड बोलला, मग तिखट बोलला. हेडकाकांनी त्याला रजिस्टर उघडून दाखवलं आणि म्हणाले, तुमचा मुलगा त्या दिवशी जन्मला, त्यात मी काय करू, तुम्हीही त्या वेळी होतात. पुढचं वर्षभर शाळेची कामं अडत होती, पण तारीख हलली नाही. अशा माणसाच्या रजिस्टरात हजारो खोटे तीळ. बाकी सगळे रकाने डोळ्यांत तेल घालून भरलेले आणि या एकात सरसकट लोणकढी.

मी तिला म्हणाले, तुम्ही कार्यालयात जाऊन बसा, मी नोंद करणाऱ्याला घेऊन येते. आई तिथेच बसलीय, ती म्हणाली, आणि गेली.

मुख्याध्यापिकेने माझी सही घेऊन रजिस्टर बाहेर न्यायला दिलं आणि मानेनेच सुचवलं की शाळेचं नाव सांभाळ. नाव सांभाळायचं तर काय बोलायचं, ते काही तिने सांगितलं नाही. असल्या वेळी वरची माणसं मानेनेच बोलतात.

हेडकाकांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. पोहोचेपर्यंत पाऊण वाजला. दार सुनेने उघडलं. हेडकाका खिडकीपाशी हिरवा चष्मा लावून बसले होते, मोतीबिंदू काढून दहा दिवस झाले होते. मी रजिस्टर त्यांच्या मांडीवर ठेवलं, ओळ दाखवली आणि जे घडलं ते सांगितलं. गालाचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"ती?" ते म्हणाले. "अरे देवा. तीच ती."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं.

शाळा उघडण्याचा आठवडा होता, खिडकीपुढे रांग लागलेली. तोवर ते हा रकानाही इमानेइतबारे भरत असत. पोराचे हात बघायचे, मान बघायची, कपाळावरची खोक, कानाजवळचा मस. मग या मुलीची पाळी आली. सहा वर्षांची, गाल नुकता बरा होत असलेला, लालबुंद. शोधायची गरजच नव्हती. त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने म्हणत लिहायला घेतलं, डाव्या गालावर भाजल्याचा. एवढ्यात तिच्या आईने खिडकीतून हात घातला आणि रजिस्टरवर तळवा दाबून धरला. वरच्या नोंदीची ओली शाई तिच्या हाताला लागली. हळू आवाजात ती म्हणाली, दुसरं काहीही लिहा, हे नको. ही जिथे जाईल तिथे आधी हा कागद जाईल. तोंडावर आहे ते आहेच, कागदावर तरी नको.

रांगेतले लोक ओरडत होते. हेडकाकांना काय लिहावं सुचेना. त्यांची नजर स्वतःच्या हातावर गेली, डाव्या हाताने रजिस्टर धरलं होतं. रकाना अजून कोराच होता, त्यांनी त्यात लिहिलं, डाव्या मनगटावर तीळ.

बोलता बोलता त्यांनी शर्टाची बाही वर सारली. मनगटाच्या आतल्या बाजूला, घड्याळाच्या पट्ट्याखाली, मसुराएवढा काळा तीळ. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली आणि तो कधी पाहिला नव्हता.

"मग बाकीच्यांना का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

पुढचा मुलगा सहा बोटांचा होता, ते म्हणाले. त्याच्या बापाने हे सगळं पाहिलं होतं. तोही तसाच बघायला लागला. त्यालाही तीळ दिला. त्यानंतर कोणाच्या पोराचे हातपाय बघायलाच नको वाटायला लागलं, जनावराच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. "पहिली दोन वर्षं दयेपोटी लिहिलं," ते म्हणाले. "पुढची एकोणीस आळसापोटी. तुला खोटं सांगणार नाही."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती वाईट बाई नाही. तिने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, मामंजी, तुम्ही जायचं नाही. डोळा अजून कच्चा आहे. शिवाय सरकारी कागदात खोटं लिहिलं हे स्वतःच्या तोंडाने सांगायला चाललात, उद्या पेन्शन अडकली, यांच्या ऑफिसात बोलवा झाला, तर निस्तरायचं कोणी? वय झालं, आठवत नाही, एवढं म्हटलं तरी पुरे. माझ्याकडे वळून तिने विचारलं, बाई, तुम्हीच सांगा, चुकतंय का माझं?

मी काहीच बोलले नाही. कारण तिचं म्हणणं मला सोयीचं होतं. हेडकाकांना आठवत नाही म्हटलं की माझी सहा वर्षंही आपोआप झाकली जात होती. आज मला त्याची लाज वाटते, पण त्या वेळी मी चहा पीत गप्प बसले होते.

हेडकाकांनी चहाला हात लावला नाही. इस्त्रीचा शर्ट मागितला. सुनेने शर्ट आणून दिला आणि डोळ्यात टाकायचं औषध माझ्या पर्समध्ये ठेवत म्हणाली, तीन वाजता एक थेंब.

बसमध्ये उभं राहावं लागलं. कोणीतरी त्यांना जागा दिली. मी दांडीला धरून त्यांच्या अंगावर वाकले आणि शेवटी मनातलं बोलून टाकलं. तीळ वयाबरोबर जातात, असं म्हणतात. लहानपणी होता, पुढे गेला. डॉक्टरची चिठ्ठी मिळाली तर काम होईल. तिचंही भलं, तुमचंही, शाळेचंही. माझंही, हे मी बोलले नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तीन वाजता मी त्यांच्या डोळ्यात थेंब टाकला, ते गालावर आलेलं औषध पुसत म्हणाले, "त्या बड्या माणसाला तारीख बदलून दिली नाही, त्याचं मी आयुष्यभर भूषण सांगितलं. आता ते कोणत्या तोंडाने सांगू?"

कार्यालयात पोहोचलो तेव्हा चारला वीस मिनिटं होती. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाक, बाकांवर फायली मांडीवर घेतलेली माणसं. तिच्या शेजारी एक वाळकी म्हातारी बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला. तिने हेडकाकांना पाहिलं आणि ताडकन उभी राहिली. एवढ्या वर्षांनी तिने त्यांना हिरव्या चष्म्याआडही ओळखलं. हेडकाकांनीही ओळखलं. मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, आई, तू यांना ओळखतेस? शाळेतले ना हे, म्हातारी म्हणाली, आणि खाली बसली. ती हेडकाकांकडे ज्या नजरेने बघत होती तिचा अर्थ मला कळला, कारण दुपारीच मी तो हेडकाकांकडून ऐकला होता. मुलीला तिने कधीच काही सांगितलं नव्हतं.

आत साहेब आणि सकाळचा तो तपासनीस. साहेब चाळिशीतला, थकलेला, उर्मट नव्हता. मागच्या भरतीत तोतये सापडले होते. एकाच्या दाखल्यावर दुसराच नोकरीला लागला आणि त्याचं बिंग वर्षभराने फुटलं, त्यात आधीच्या साहेबाची खुर्ची गेली. म्हणून हा ताक फुंकून पीत होता. म्हातारी बाहेरच थांबली, दार नुसतं लोटलेलं होतं. मुलगी, हेडकाका आणि मी टेबलापुढे उभे राहिलो.

साहेबांनी रजिस्टर पाहिलं, नोंद पाहिली, विचारलं, अक्षर तुमचं? हो. तीळ तुम्ही स्वतः पाहिला होता?

"पाहिला होता," हेडकाका म्हणाले. तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं हे आता बसमधलं माझंच बोलणार. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मनगट पुढे केलं. "साहेब, तो तीळ माझा आहे."

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. हेडकाकांनी सांगून टाकलं. एकवीस वर्षं प्रत्येक मुलापुढे हेच लिहिलं, कोणाचं अंग पाहिलं नाही, ही मुलगी या शाळेत शिकली, दाखला तिचाच, खोटी फक्त खूण, आणि ती मी लिहिली.

तपासनीस फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं की हे आज सुचलं कसं. तुम्हाला कोणी आणलं? कोण लागतात तुमच्या या बाई? निवृत्त माणसाला साक्षीला उभं करणं काही अवघड नसतं, हे त्यांनी आडवळणाने सांगितलं. रजिस्टरची पानं त्यांनी उलटली, पण एकाच वर्षाच्या रजिस्टरवरून त्यांची खात्री पटेना. म्हणाले, खरोखरीच तीळ असलेली पोरं यात असतील, नसतील, मी कशी शोधू? घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

टोपण लावलं म्हणजे विषय संपला. मी स्वतः असंच करते, म्हणून मला ते कळलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

मी म्हणाले, साहेब, तुमच्या या भरतीत आमच्या शाळेचे आणखी दाखले असतील. ते काढून बघा. आणि यांच्यानंतरच्या सहा वर्षांचे दाखले मी लिहिलेत, त्यांतही हेच आहे. मला लिहून घ्यायचं तर माझंही घ्या.

तपासनिसाचं हसू मावळलं. गठ्ठ्यातून दोन फायली निघाल्या, दोन्ही आमच्या शाळेच्या. दोन्हींवर डाव्या मनगटावर तीळ, आणि त्यापुढे हिरव्या पेनाने टिक, शेजारी शेरा: प्रत्यक्ष पाहून खात्री केली. खाली तपासनिसाची सही. त्यातला एक उमेदवार व्हरांड्यात पत्राची वाट बघत बसला होता. त्याला आत बोलावलं. मनगट स्वच्छ, कोऱ्या पाटीसारखं. तो बिचारा घाबरून साहेबांकडे, माझ्याकडे बघायला लागला. त्याचंही काही बिघडेल का, हा विचार मला तेव्हा आला, आधी आला नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं आणि काडी मीच लावली होती.

साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं. तपासनिसाला एवढंच विचारलं, काय पाहून खात्री केली? तपासनीस म्हणाला की सकाळी फार गर्दी होती. हे उत्तर ऐकून हेडकाकांनी मान खाली घातली. मला वाटतं, त्यांना ते फार ओळखीचं वाटलं असावं. सगळ्यांवर टिक करणाऱ्याने हिच्याच हाताकडे का पाहिलं, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. गाल पाहिला म्हणून हात पाहिला.

साहेब आम्हाला म्हणाले, दोघंही लेखी द्या. यांची आणि त्या दोन उमेदवारांची खरी खूण नव्याने नोंदवून घेतो. पण हे वर जाणार, मी दाबणार नाही, चौकशी लागेल. हेडकाका म्हणाले, लागू दे. पुढे ती आठ महिने चालली. त्यांची पेन्शन सहा महिने रोखली, माझी एक वेतनवाढ गेली, आणि सुनेने माझ्याशी बोलणं टाकलं. पण त्या दिवशी त्यांनी खुर्चीवर बसून, कच्च्या डोळ्याने, कागद नाकाशी धरून कबुलीजबाब लिहिला. एकही खाडाखोड केली नाही.

ते लिहीत असताना तिने विचारलं.

"काका, बाकीच्यांचं जाऊ दे. माझ्या तोंडावर तर ढळढळीत होतं. मग माझी खूण का नाही लिहिलीत?"

हेडकाकांचं पेन थांबलं. त्यांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. फटीतून पदराचा काठ दिसत होता.

"आळस," ते म्हणाले. "गर्दी होती. वर न बघताच लिहिलं."

तिचा बांध फुटला. ती ओरडली नाही, पण एकेक शब्द चावून बोलली. तुमच्या आळसापायी मला आज शंभर माणसांपुढे हात उलटा करून दाखवावा लागला. नऊ वर्षं मी एक बाटली इकडची तिकडे होऊ दिली नाही, आणि तुम्हाला एक ओळ बघून लिहिता आली नाही. हेडकाका ऐकून घेत राहिले. हो, म्हणाले, चुकलं. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. मी तोंड उघडलं, तर त्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला, चांगला जोरात.

तेवढ्यात दार उघडलं.

"त्यांना बोलू नकोस," म्हातारी म्हणाली. ती उंबऱ्यातच उभी होती. "ते लिहायला लागले होते. मी हात धरला. मीच म्हटलं, दुसरं काहीही लिहा."

म्हातारी पुढे बोलली, साहेबांकडे बघून, मुलीकडे नाही. माझ्या हातून झालं होतं ते. चुलीवरचं आधण उतरवत होते, ही पायात आली. पुढे दर कागदावर ते आलं असतं तर ते वाचणं मला झेपलं नसतं.

ती आईपाशी गेली. मला वाटलं आता ही म्हातारीवर तुटून पडणार. पण तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस त्याबद्दल," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांना दिसतं, एक तुलाच दिसत नाही. त्याच्या आधारावर मी इतकी वर्षं काढली, आई."

घड्याळात पाचला आठ मिनिटं होती. साहेबांनी घसा साफ केला, पेनचं टोपण काढलं आणि नवा फॉर्म पुढे ओढला. नियमाप्रमाणे खूण उमेदवाराने स्वतः सांगायची असते, ते म्हणाले, आयडेंटिफिकेशन मार्क, सांगा.

ती टेबलाकडे वळली. "डाव्या गालावर भाजल्याचा डाग," ती म्हणाली. साहेब लिहायला लागले.

"कानामागे पण आहे," म्हातारी म्हणाली. ती आत येऊन मुलीच्या शेजारी उभी राहिली होती. "दोन बोटं रुंद. केसांखाली जातो, म्हणून दिसत नाही, पण आहे. मग खाली मानेवर. तिथे एक सुटा ठिपका आहे, गव्हाएवढा. आणि भुवईचं टोक नाही, तिथे केस आलेच नाहीत परत. तेही लिहा."

साहेबांनी एकदा मुलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. त्यांनी सगळं लिहून घेतलं. रकान्यात जागा पुरली नाही, तेव्हा उरलेलं समासात लिहिलं आणि त्याखाली सही केली.